सवडीने रचलेला वेग

व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात शेवटापर्यंत खेळून दाखवणे याला स्पीडरन म्हणतात, आणि हेच काम सलग हाताने न खेळता संगणकावर गेमची गती मंद करून, चुकलेली चाल पुसून आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन केले की त्याला टूल-असिस्टेड स्पीडरन, संक्षेपाने टास, असे नाव मिळते. या दुसऱ्या प्रकारावर गेली वीस वर्षे एकच आक्षेप घेतला जातो, तो म्हणजे ही फसवणूक आहे. आक्षेप समजण्याजोगा आहे, कारण स्पर्धेत हात, डोळा आणि धीर यांचा कस लागतो, आणि ज्याला चूक पुसता येते त्याचा कस लागलाच नाही असे कोणालाही वाटेल. मात्र या आक्षेपात टासला स्पर्धा मानलेले आहे आणि तेथेच तो घसरतो. टास ही रचना आहे, आणि रचनेचा प्रामाणिकपणा वेगळ्या निकषांवर तपासावा लागतो.

हा भेद मराठी वाचकाला, त्यातही वऱ्हाडातल्या वाचकाला, परका वाटण्याचे कारण नाही. इसवी सन 900 च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा आहे, आणि हे वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले आजचे वाशिम. त्याच ग्रंथात राजशेखराने काव्यरचनेच्या काळावरून कवींचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला ‘असूर्यंपश्य’ कवी, म्हणजे ज्याला सूर्यही दिसत नाही असा, गुहेत किंवा तळघरात शिरून एकनिष्ठेने लिहीत बसतो आणि सगळा काळ त्याचाच असतो, तर ‘प्रायोजनिक’ कवी प्रसंग पुढे आला की त्या प्रसंगावर रचतो. भरसभेत समस्या टाकताच तिची पूर्ती करणारा शीघ्रकवी आणि एका श्लोकावर महिना घालवणारा कवी हे दोघेही कवीच, आणि दुसऱ्याने खाडाखोड केली म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. लबाडी होते ती घरी घासून आणलेला श्लोक सभेत ‘आत्ताच सुचला’ म्हणून म्हटल्यावर. टासवरच्या वादाची सगळी गाठ येथे आहे.

टासकार हा असाच असूर्यंपश्य कवी, आणि त्याची खोली आतून कशी असते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या गेम-यंत्राची संगणकावर हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रणालीला इम्युलेटर म्हणतात. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण 60 वेळा बदलते, त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि टास रचणारा इम्युलेटरवर एकेक फ्रेम पुढे सरकवत त्या क्षणी कोणती बटणे दाबलेली असावीत हे ठरवतो. त्याच्या हाती अखेर जे उरते ते चलचित्र नसून बटणांची वही असते, म्हणजे दर फ्रेमला एक ओळ, त्या ओळीत दाबलेल्या बटणांची अक्षरे, आणि पाच मिनिटांच्या खेळाला अशा सुमारे 18,000 ओळी. ही वही इम्युलेटरला दिली की गेम स्वतःच्याच नियमांनी खेळला जातो. गेमच्या प्रणालीत काहीही बदललेले नसते, आणि एका ओळीतले एक अक्षर चुकले तर पुढच्या हजारो ओळी बरोबर असूनही गेममधला मारिओ भलत्याच खड्ड्यात जाऊन पडतो. जीव अमर करून घेणारा किंवा गेमच्या संकेतात हात घालणारा लबाड आणि टासकार यांच्यात एवढे अंतर आहे.

हे अंतर लोकांना प्रथम कळले नाही, याला प्रसार कारणीभूत झाला. डूम या गेमच्या चाहत्यांनी 1999 मध्येच असे मंदगती खेळ रचून त्यांना टूल-असिस्टेड हे नाव दिले होते, परंतु 2003 मध्ये मोरिमोटो या नावाने वावरणाऱ्या जपानी रचनाकाराचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’ अकरा मिनिटांत संपवणारा खेळ जगभर फिरला तेव्हा तो कसा रचला याची माहिती त्याच्याबरोबर फिरली नाही. पाहणाऱ्यांनी त्याला हाताचे कसब समजून तोंडात बोटे घातली, आणि मागे जाऊन पुन्हा नोंदवण्याची क्रिया त्यात 40,268 वेळा झाली होती हे कळल्यावर तेच लोक फसवल्याची तक्रार करू लागले. वस्तुतः हा आकडा अभिमानाने सांगावा असा आहे, आणि पुढे तसेच झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिनलंडच्या योएल युलिलुओमा याने सुरू केलेल्या संग्रहात, जो आज टासव्हिडिओज म्हणून ओळखला जातो, प्रत्येक रचनेबरोबर बटणांची वही आणि पुन्हा-नोंदींची संख्या देण्याचा प्रघात पडला. राजशेखराने काव्यचौर्याचा विचार करताना, चोरी कोणाला चुकलेली नाही पण ज्याला ती लपवता येते तो निर्दोष राहतो, असा व्यवहारी मुद्दा नोंदवला आहे. टासकारांनी याच्या अगदी उलट मार्ग धरला आणि सगळी साधने उघड्यावर मांडून ठेवली, हे या कलेचे मोठेपण आहे.

स्पर्धेत मात्र साधनांना थारा नसावा, याविषयी दुमत होऊ नये. विदर्भातल्या शंकरपटात बैलजोडीने अंतर किती सेकंदांत कापले यावर निकाल लागतो, आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या शर्यती डिसेंबर 2021 नंतर पुन्हा सुरू झाल्या त्या चाबूक, काठी आणि विजेचा धक्का देणारी साधने यांच्या मनाईसह. तेथे मनाईचे पहिले कारण जनावराचे हाल हे आहे, आणि ते घड्याळाच्या प्रामाणिकपणापेक्षा कितीतरी मोठे आहे. तरीही लपवलेल्या साधनाने मिळवलेला सेकंद हा जोडीचा सेकंद नव्हे, हे पटावर बसलेल्या प्रत्येकाला न सांगता कळते.

साधनांमुळे खोटेपणा वाढतो ही समजूत तर घटनांनीच उलटवली आहे. अटारी 2600 या यंत्रावरच्या ‘ड्रॅगस्टर’ या गेममध्ये टॉड रॉजर्स यांच्या नावावर 1982 पासून 5.51 सेकंदांची नोंद होती. एरिक कोझिएल यांनी गेमची प्रणाली उलगडून तपासली तेव्हा 5.57 सेकंदांच्या आत तो संपूच शकत नाही असे दिसले, आणि जानेवारी 2018 मध्ये ट्विन गॅलक्सीज या नोंदसंस्थेने रॉजर्स यांचे विक्रम रद्द केले. टासकार ज्या पद्धतीने यंत्राचे पोट फाडून पाहतो त्याच पद्धतीने स्पर्धेची वही येथे शुद्ध झाली.

हाताने खेळणाऱ्यांनाही या रचनांनी भरभरून दिले आहे. पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पुढच्या पातळीचे दार दर 21 फ्रेमच्या ठोक्यालाच उघडते, त्यामुळे दोन-चार फ्रेम वाचवून काही हाती लागत नाही, वाचवायचा तर पूर्ण ठोका वाचवावा लागतो. तो कोठे वाचतो याचा शोध रचनाकारांनी घेतला, आणि पातळीच्या शेवटचा झेंडा खाली उतरण्याचा वेळ टाळणारी युक्ती, जी माणसाच्या बोटांना झेपणार नाही असे मानले जाई, खेळाडूंनी त्यांच्याकडून उचलली. निफ्स्की या नावाने खेळणाऱ्या अमेरिकन तरुणाने 2021 मध्ये 4 मिनिटे 55 सेकंदांची सीमा ओलांडली आणि सप्टेंबर 2023 मध्ये 4 मिनिटे 54.631 सेकंदांपर्यंत मजल मारली. रचलेला खेळ 4 मिनिटे 54.26 सेकंदांचा आहे, म्हणजे हात आणि रचना यांच्यात अर्धा सेकंदही उरला नव्हता.

आज या कलेपुढे फसवणुकीपेक्षा अवघड प्रश्न उभे आहेत. जानेवारी 2014 मध्ये एका मदतनिधी महोत्सवात टासबॉट या यंत्राने खऱ्या निन्टेन्डोच्या बटणतारांतून संकेत पाठवून ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या पोटात पाँग आणि स्नेक हे दुसरेच खेळ उभे केले, तेव्हा प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतले. बुद्धीची झेप म्हणून हे थक्क करणारे आहे, पण त्यानंतर याच वाटेने काही सेकंदांत शेवटच्या पडद्यावर उडी घेणाऱ्या रचना वाढत गेल्या आणि त्यांत पाहण्यासारखा खेळच उरला नाही. लाखो शक्यता आपोआप तपासून उत्तर काढणाऱ्या आज्ञावलींनी तर कर्तृत्व कोणाचे हाही प्रश्न आणला आहे. ज्या रचनेत गेमची वळणे ओळखू येतात आणि तरीही ती कधी न पाहिलेल्या तऱ्हेने घेतली जातात, तिचे मोल या दोन्हींहून अधिक धरले पाहिजे.

अशा रचनांचा कळस ‘सुपर मारिओ 64’ मध्ये आढळतो. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण लिहिले, तसे येथे उडी मारण्याचे ‘ए’ बटण शक्य तितके वर्ज्य करून गेम पार करण्याचे व्रत काही जणांनी घेतले आहे. पॅननकोएक या नावाने काम करणाऱ्या रचनाकाराने जानेवारी 2016 मध्ये गेममध्ये मिळवायच्या एका ताऱ्यासाठी केवळ ‘अर्धा’ दाब कसा पुरतो हे समजावून सांगितले. दाबणे, धरून ठेवणे आणि सोडणे असे बटणाचे तीन भाग, आणि नुसते धरून भागत असेल तर आधीच्या पातळीत दाबलेले बटण तसेच धरून आत येता येते. मात्र तो तारा गाठायला लागणारा वेग मारिओच्या अंगी यावा म्हणून त्याला एका गुहेत जागच्या जागी बारा तास धावत ठेवावे लागते.