केरांतील यंत्रांचा हिशेब
संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा विद्युत्-कचऱ्यावरील २०२४ सालचा अहवाल मननीय आहे. २०२२ सालीं जगांत ६ कोटि २० लक्ष टन कचरा झाला. पैकीं अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. परंतु ही गणना मुख्यतः वस्तूंची विक्री व आयुर्मान यांवरून बसविलेली. भंगारवाला ज्यास हात लावीत नाहीं तो तुटका इअरफोन केरांत जातो. केर निवडून तोलल्यावांचून त्याचा पत्ता लागत नाहीं. अशा वस्तू विरळ, म्हणून चार घरांची तपासणी पुरत नाहीं. पाटोदा तालुक्यांत मांजरा उगम पावते. तेथील उकिरड्यांतलें शिसें कोणाच्या पाण्यांत उतरूं शकतें, हें जागतिक सरासरी सांगत नाहीं. अहवाल संग्राह्य खरा. तराजू मात्र आपणांसच धरला पाहिजे.