पॉवेल, मायकेल

(३० सप्टेंबर १९०५–१९ फेब्रुवारी १९९०). इंग्रज चित्रपट-दिग्दर्शक, निर्माता व पटकथालेखक. हंगेरियन लेखक एमरिक प्रेसबर्गर (५ डिसेंबर १९०२–५ फेब्रुवारी १९८८) याच्या सहकार्याने त्याने १९४० नंतरच्या दशकात निर्माण केलेले चित्रपट आज ब्रिटिश चित्रपटसृष्टीच्या श्रेष्ठ निर्मितीत गणले जातात. ही मान्यता मात्र त्याला फार उशिरा लाभली. वास्तवाशी इमान राखणे हाच चित्रपटकलेचा मुख्य धर्म होय, असे मानणाऱ्या तत्कालीन ब्रिटिश समीक्षेला त्याचे चित्रपट दीर्घकाळ परके वाटत राहिले. त्यामुळे पॉवेलची कारकीर्द हा जसा एका दिग्दर्शकाच्या यशापयशाचा, तसाच एका समीक्षादृष्टीच्या मर्यादांचाही इतिहास ठरतो.

पॉवेलचा जन्म केंट परगण्यातील कँटरबरीनजीकच्या बेक्सबर्न या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण कँटरबरी येथील किंग्ज स्कूल व नंतर लंडनमधील डलिच कॉलेज येथे. काही काळ बँकेत नोकरी केल्यावर १९२५ मध्ये तो फ्रान्समधील नीस येथे गेला व तेथील स्टुडिओत रेक्स इंग्रॅम या दिग्दर्शकाच्या हाताखाली पडेल ते काम करू लागला. शब्दांवाचून केवळ दृश्यांनी कथा सांगण्याचे मूकपटाचे तंत्र त्याने येथे आत्मसात केले. इंग्लंडला परतल्यावर आल्फ्रेड हिचकॉकच्या मूकपटांसाठी त्याने स्थिरचित्रकार म्हणून काम केले. ब्रिटिश चित्रपटगृहांत ठराविक प्रमाणात स्वदेशी चित्रपट दाखविलेच पाहिजेत, असा कायदा १९२७ मध्ये झाला होता. त्याच्या पूर्ततेसाठी अल्प खर्चात व अल्पावधीत तयार होणाऱ्या चित्रपटांना मागणी आली. १९३१ ते १९३६ या काळात पॉवेलने असे वीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतील बरेच आज उपलब्ध नाहीत. तथापि कामाचा उरक व तंत्रावरील हुकमत त्याला या उमेदवारीतूनच लाभली.

द एज ऑफ द वर्ल्ड (१९३७) हा त्याचा पहिला स्वतंत्र बाण्याचा चित्रपट. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या सेंट किल्डा या बेटावरील उरलीसुरली वस्ती १९३० मध्ये हलविण्यात आली. त्या घटनेवरून त्याला ही कथा सुचली. शेटलंड समूहातील फूला या दुर्गम बेटावर, तेथील रहिवाशांना सोबत घेऊन त्याने चित्रीकरण केले व त्या अनुभवांवर पुढे एक पुस्तकही लिहिले. खडक, वारा आणि समुद्र यांचे इतके प्रत्ययकारी चित्रण करणारा हा दिग्दर्शक पुढे वास्तववादापासून दूर गेला, तो त्या पद्धतीच्या अज्ञानामुळे खचितच नव्हे. ती पूर्णपणे हाताळून झाल्यावर त्याने दुसरा मार्ग निवडला, हे त्याच्या मूल्यमापनात ध्यानी घेणे आवश्यक आहे.

या चित्रपटामुळे अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने त्याला आपल्या संस्थेत घेतले. तेथे द स्पाय इन ब्लॅक (१९३९) या चित्रपटाच्या निमित्ताने त्याची प्रेसबर्गरशी गाठ पडली. प्रेसबर्गर हा ज्यू. बर्लिनमधील ऊफा या विख्यात चित्रसंस्थेत तो पटकथा लिहीत असे. नाझी सत्तेवर येताच त्याने जर्मनी सोडली व पॅरिसमार्गे १९३५ मध्ये तो इंग्लंडला आला. म्हैसूरच्या साबू या बालनटाने गाजविलेल्या द थीफ ऑफ बगदाद (१९४०) या कोर्डाच्या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही पॉवेलचा वाटा होता. फॉर्टी-नाइन्थ पॅरलल (१९४१) या युद्धपटाच्या कथेबद्दल प्रेसबर्गरला ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे दोघांनी ‘द आर्चर्स’ (धनुर्धारी) ही संस्था स्थापन केली. ‘लेखन, निर्मिती व दिग्दर्शन : मायकेल पॉवेल व एमरिक प्रेसबर्गर’ अशी संयुक्त श्रेयनामावली ते देऊ लागले. प्रत्यक्षात कथेची बांधणी मुख्यतः प्रेसबर्गरची आणि दिग्दर्शन पॉवेलचे असे; परंतु कल्पना नेमकी कोणाची हे सांगण्याचे दोघांनीही टाळले. चित्रपट ही एकट्या दिग्दर्शकाची कलाकृती होय, हा सिद्धांत पुढे रूढ झाला; त्याला ही जोडी एक बोलका अपवाद आहे. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे व हाइन हेकरोट हे जर्मन, तर नट आंटोन वालब्रुक हा ऑस्ट्रियन. इंग्लंडविषयीचे सर्वांत इंग्रज वाटणारे चित्रपट असे अंशतः परभूमीतून आलेल्यांच्या नजरेतून घडले आहेत. परक्याला जे कुतूहल वाटते आणि स्थानिकाला जो जिव्हाळा असतो, त्या दोहोंचा संगम त्यांत आढळतो.

द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप (१९४३) हे या संगमाचे पहिले प्रगल्भ फळ. डेव्हिड लो याच्या व्यंगचित्रांतील ब्लिंप हा जुनाट विचारांचा, आढ्यताखोर सेनाधिकारी. पॉवेल-प्रेसबर्गर यांनी या हास्यास्पद व्यक्तिरेखेमागचा माणूस शोधला व बोअर युद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या त्याच्या आयुष्याची सहानुभूतीने मांडणी केली. ऐन युद्धकाळात एका जर्मन अधिकाऱ्याला त्याचा जिवलग मित्र म्हणून दाखविले. युद्धखाते आणि पंतप्रधान चर्चिल यांनी या चित्रपटास विरोध केला. निर्मिती थांबविता आली नाही, तेव्हा त्याचे परदेशी प्रदर्शन काही काळ रोखून धरण्यात आले. पुढे बरीच काटछाट होऊन तो दाखविला गेला व त्याचे मूळ स्वरूप प्रेक्षकांना १९८० नंतरच्या दशकातच पुन्हा पहावयास मिळाले. यातील द्वंद्वयुद्धाचा प्रसंग पॉवेलच्या शैलीचा निदर्शक आहे. द्वंद्वाचे नियम व पूर्वतयारी तपशीलवार दाखविली जाते. तलवारी भिडताच कॅमेरा वर वर जातो, छत ओलांडतो आणि बाहेरच्या हिमवृष्टीत येतो. द्वंद्व प्रेक्षकाला दिसतच नाही. त्यातून जन्मणारी मैत्री हा खरा कथाविषय असल्याने जयपराजय दिग्दर्शकाने सहज वगळला आहे.

अ कँटरबरी टेल (१९४४) मध्ये मध्ययुगीन यात्रेकरूने सोडलेला ससाणा आकाशात झेपावतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या जागी लढाऊ विमान दिसते. सहा शतके एका छेदात ओलांडली जातात. त्या काळी या चित्रपटाने समीक्षकांना बुचकळ्यात टाकले. आय नो व्हेअर आय ॲम गोइंग! (१९४५) ही स्कॉटलंडच्या बेटांच्या पार्श्वभूमीवरील प्रेमकथा तुलनेने सुगम आहे. अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ (१९४६) मध्ये मृत्यूच्या दारातून परतलेल्या वैमानिकावर परलोकात खटला चालतो. पृथ्वीवरील दृश्ये रंगीत व परलोकातील कृष्णधवल अशी योजना करून दिग्दर्शकाने रूढ संकेत उलटा केला आहे : रंग, ऊब आणि अपूर्णता ही मर्त्यलोकाची मिरास, परलोक मात्र नीटनेटका, कचेरीसारखा व रंगहीन आहे. ब्रिटनविषयी ज्यांना गाऱ्हाणी आहेत अशा देशांचे प्रतिनिधी पंच म्हणून बसतात आणि त्यांत एक भारतीयही असतो, हा तपशील साम्राज्याच्या अखेरच्या पर्वात सूचक वाटतो.

ब्लॅक नार्सिसस (१९४७) हा चित्रपट भारतीय वाचकाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. रूमर गॉडेन हिच्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत काही ख्रिस्ती जोगिणी हिमालयातील एका जुन्या राजवाड्यात शाळा व दवाखाना काढतात. पूर्वी तो वाडा संस्थानिकाच्या अंतःपुराचा असतो. वारा, उंची आणि वास्तूच्या भिंतींवरील चित्रे यांच्या सहवासात त्यांचा संयम ढळू लागतो व अखेर त्यांना माघार घ्यावी लागते. पॉवेलने चित्रीकरणासाठी भारतात येण्याचे टाळले. पाइनवुड स्टुडिओतील नेपथ्य, काचेवर रंगविलेली पर्वतशिखरे आणि ससेक्समधील एक उद्यान यांतून त्याने आपला हिमालय उभा केला. छायालेखक जॅक कार्डिफ व कलादिग्दर्शक युंगे या दोघांनाही त्याबद्दल ऑस्कर पारितोषिके मिळाली. शेवटाकडील हल्ल्याचा प्रसंग आधी रचलेल्या संगीताच्या तालावर, संवादांवाचून चित्रित केलेला आहे.

या चित्रपटातील भारत खरा नाही, हे उघड आहे. स्थानिक मुलीची भूमिका जीन सिमन्स या इंग्रज नटीने त्वचेला रंग लावून केली आहे आणि स्थानिक माणसे बव्हंशी गूढ अथवा बालिश अशीच रंगविली आहेत. पूर्वेकडील देशांविषयीच्या पाश्चात्त्य कल्पनांचा हा दोष नाकारता येणार नाही. तथापि हा खोटेपणा चित्रपटाच्या आशयाशी विसंगत नाही, हेही तितकेच खरे. ज्यांना हा देश कधीच उमगला नाही अशांच्या मनातील हे चित्र आहे; त्यांच्या भीतीने व वासनांनीच ती शिखरे रंगविली आहेत. भारतातील ब्रिटिश सत्ता संपण्यापूर्वी काही महिनेच प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या शेवटी पहिल्या पावसात परतणाऱ्या जोगिणी पाहताना त्या व्यापक माघारीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

द रेड शूज (१९४८) हा पॉवेलचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट. हॅन्स अँडरसनच्या परीकथेचा आधार घेऊन कला आणि संसार यांच्या ओढाताणीत सापडलेल्या नर्तिकेची शोकांतिका त्यात सांगितली आहे. मूळ पटकथा प्रेसबर्गरने युद्धापूर्वी कोर्डासाठी, मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन या अभिनेत्रीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. पॉवेलने मात्र नायिकेच्या भूमिकेसाठी मॉइरा शिअरर या व्यावसायिक बॅले नर्तिकेचाच आग्रह धरला. यातील प्रदीर्घ बॅले रंगमंचावर सुरू होतो. पण लवकरच रंगमंचाच्या मर्यादा विरून जातात व प्रेक्षक नर्तिकेच्या अंतर्मनात प्रवेश करतो. निर्मितीस पैसा पुरविणाऱ्या रँक संस्थेला हा चित्रपट पसंत पडला नाही व ब्रिटनमध्ये त्याचे प्रदर्शन अनुत्साहाने झाले. न्यूयॉर्कमध्ये मात्र तो एकाच चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. कलादिग्दर्शन व संगीत यांसाठी त्याला ऑस्कर पारितोषिके लाभली. द टेल्स ऑफ हॉफमन (१९५१) या संगीतिकापटात पॉवेलने हीच दिशा टोकाला नेली : प्रथम संपूर्ण संगीत ध्वनिमुद्रित करून त्यावर मूकपटाप्रमाणे मुक्तपणे चित्रीकरण केले. संगीत, नृत्य, रंग व हालचाल यांची एकात्म रचना म्हणजे चित्रपट, ही त्याची भूमिका येथे स्पष्ट होते. दृश्यवैभवाच्या मानाने भावनेचा ओलावा मात्र या चित्रपटात कमी पडला आहे.

त्या काळच्या ब्रिटिश समीक्षेवर जॉन ग्रिअरसनप्रणीत अनुबोधपटांच्या चळवळीचा मोठा प्रभाव होता. संयम, साधेपणा व सामाजिक जाणीव या गुणांना तीत मान होता. पॉवेलचे रंगविलास, आकस्मिक विनोद आणि अद्‌भुताची ओढ तिला अभिरुचिहीन वाटत. १९५० नंतर या जोडीचे सामर्थ्यही ओसरले. द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट (१९५६) सारखे युद्धपट यशस्वी झाले, तरी त्यांत पूर्वीचे धाडस नव्हते. १९५७ मध्ये दोघांनी सामोपचाराने भागीदारी संपविली.

यानंतर एकट्या पॉवेलने काढलेला पीपिंग टॉम (१९६०) हा चित्रपट त्याच्या कारकीर्दीवरील घाला ठरला. लिओ मार्क्सने लिहिलेल्या या कथेचा नायक चित्रपटनिर्मितीतच काम करणारा तरुण छायालेखक आहे. तो स्त्रियांचे खून करतो आणि मरतानाची त्यांची भीती कॅमेऱ्यात टिपतो. बालपणी त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने भीतीच्या अभ्यासासाठी त्याचाच वापर केलेला असतो. त्या पित्याची भूमिका पॉवेलने स्वतः व लहान मुलाची भूमिका स्वतःच्या मुलाकडून करवून घेतली. दुसऱ्याचे दुःख पाहण्यातील सुख हा चित्रपटमाध्यमाचाच एक पाया आहे, असा आरोप येथे आहे व त्यातून दिग्दर्शक स्वतःला वगळत नाही. लंडनमधील समीक्षकांनी विलक्षण त्वेषाने या चित्रपटाचा धिक्कार केला व वितरकांनी तो लवकरच मागे घेतला. त्याच वर्षी आलेल्या हिचकॉकच्या सायको या चित्रपटाने अमाप यश मिळविले, ही तुलना उद्बोधक आहे. सायकोमध्ये प्रेक्षकाला भय वाटते. पीपिंग टॉममध्ये त्याला आपणही सहभागी असल्याची लाज वाटते. समीक्षकांच्या संतापाचे एक कारण बहुधा हेच असावे. यानंतर ब्रिटिश चित्रपटव्यवसायाची दारे पॉवेलला जवळजवळ बंद झाली. ऑस्ट्रेलियात त्याने दे आर अ वियर्ड मॉब (१९६६) व एज ऑफ कन्सेंट (१९६९) हे चित्रपट केले. उरलेल्या अनेक योजना कागदावरच राहिल्या.

त्याचे पुनर्मूल्यमापन १९७० नंतर सुरू झाले. ब्रिटनमधील नव्या पिढीचे अभ्यासक, तसेच मार्टिन स्कॉर्सेसी व फ्रान्सिस फोर्ड कोपोला हे अमेरिकन दिग्दर्शक त्यात अग्रेसर होते. पीपिंग टॉम १९७९ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात सन्मानाने दाखविण्यात आला. ब्रिटिश चित्रपट अकादमीने १९८१ मध्ये पॉवेल व प्रेसबर्गर यांना अधिछात्रत्व दिले. स्कॉर्सेसीच्या चित्रपटांची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिच्याशी पॉवेलने १९८४ मध्ये विवाह केला. अ लाइफ इन मूव्हीज (१९८६) हा त्याच्या आत्मचरित्राचा पहिला खंड गाजला. दुसरा खंड मरणोत्तर प्रसिद्ध झाला. ग्लॉस्टरशरमधील ॲव्हनिंग येथे त्याचे निधन झाले.

पॉवेलची सर्वच निर्मिती सारख्या मोलाची नाही. त्याच्या कल्पनाशक्तीला प्रेसबर्गरच्या कथाबांधणीचा आधार असे, तोवर ती समतोल राहिली. तो आधार सुटल्यावर पीपिंग टॉमचा अपवाद वगळता तिला तशी उंची पुन्हा गाठता आली नाही. मात्र बाह्य वास्तवाचे प्रतिबिंब आणि मनोवास्तवाची रचना या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या कक्षेत सारख्याच येतात, हे त्याने आपल्या माध्यमातून सिद्ध केले. ज्या समीक्षेने पहिल्या गोष्टीलाच प्रमाण मानले, तिने एका समर्थ दिग्दर्शकाची उमेदीची वर्षे वाया घालविली. नंतरच्या सन्मानांनी त्या चुकीची कबुली मिळाली. न निघालेले चित्रपट मात्र त्यांनी परत मिळाले नाहीत.