मेसिएच्या यादींतील दोन संशयित अंक

शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदानें १७८१ सालीं पुरी केलेली तेजोमेघ व तारकागुच्छ यांची १०३ अंकांची यादी दुर्बीण बाळगणाऱ्यांस मुखोद्गत असते. तथापि तीहि एक लिखित साधनच आहे. हस्तप्रमाद, पुनरुक्ति, अक्षरभ्रम हे पोथ्यांचे नेहमींचे दोष तिच्याहि अंगीं आहेत.

अंक ४७ पाहावा. मेसिएनें १९ फेब्रुवारी १७७१ रोजीं हा गुच्छ पाहिला. पण त्यानें दिलेल्या स्थानीं गुच्छच नाहीं. ड्रेयरच्या १८८८ च्या सूचींत या रिकाम्या जागेस २४७८ आणि विल्यम हर्शेलनें १७८५ सालीं नोंदलेल्या एका गुच्छास २४२२ असे निरनिराळे अंक मिळाले. हे दोन्ही एकच, असें ओस्वाल्ड टोमास यानें १९३४ सालीं सुचविलें. टी. एफ. मॉरिस यानें १९५९ सालीं त्याचें कारण दाखविलें: जवळच्या ताऱ्यापासून स्थान काढतांना मेसिएच्या हातून अधिक-उण्याचें चिन्ह उलटलें होतें. ही दुरुस्ती निःशंक मान्य करावी; कारण ती नुसता शुद्ध पाठ देत नाहीं, चूक कशी झाली तेंहि सांगते.

अंक १०२ ची गोष्ट निराळी. हा मूळ मेशेंचा शोध. यादींत तो भूतपाचा ओमिक्रॉन व कालेयाचा आयोटा यांच्यामध्यें सांगितला आहे. हे तारे परस्परांपासून फार दूर. म्हणून ओमिक्रॉनच्या ठिकाणीं थीटा वाचून ५८६६ ही दीर्घिका तेथें बसवितात, आणि कित्येक सूच्यांत ती बिनशंक छापलीहि जाते. कल्पना चतुर आहे. ग्रीक लिपींत त्या दोन अक्षरांचा घोटाळा सहज होतो. परंतु स्वतः मेशेंनें १७८३ सालीं बर्लिनच्या बेर्नुलीस कळविलें कीं, ताराचित्रांतील चुकीमुळें १०१ चीच येथें पुनरुक्ति झाली. मूळ साक्षीदाराची जबानी अशी स्पष्ट असतां तर्कानें तिला डावलणें हें शोधन नव्हे.

विरुद्ध पक्षास एक आधार आहे, तो लपवूं नये. मेसिएनें आपल्या खासगी प्रतींत १०२ पुढें हातानें एक स्थान लिहिलें असून तें ५८६६ पासून विषुवांशांत ५ अंशांनीं चुकतें. हा फरक इतका गोळाबेरजेचा कीं तो मोजणींतील चूक वाटत नाहीं, लिहिण्यांतील वाटते. तरी समासांतील टिपण मूळ पाहणाराचें नव्हे. तोंपर्यंत १०२ हा अंक राखावा, आणि ५८६६ हें प्रश्नचिन्हासह छापावें.