स्किला, खारिब्डिस आणि सिंहिका

धारला समुद्र नाही. तरी समुद्राचे भय धारच्या वाङ्मयाला अपरिचित नव्हते. अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’त, समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, पाण्यातील लोहचुंबक तिला ओढून नेईल, असे बजावले आहे. भोजाचेच मानले जाणारे ‘चंपूरामायण’ सुंदरकांडापर्यंत, म्हणजे हनुमंताच्या समुद्रोल्लंघनापलीकडे येऊन थांबते.

हे आठवण्याचे कारण असे की, ग्रीक पुराणकथेतील स्किला व खारिब्डिस यांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे ‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही म्हण सांगून तो मिटविण्यात येतो. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. आड आणि विहीर यांत डावेउजवे नसते. देवास या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली. तेथील एखाद्या गांजलेल्या रयतेच्या तोंडी ती म्हण शोभली असती. होमरच्या सामुद्रधुनीत मात्र दोन्ही बाजूंची हानी सारखी नाही. खारिब्डिस दिवसातून तीनदा समुद्र गिळते व तीनदा ओकते. तिच्या तावडीत सापडले तर सारे जहाज बुडणार. सहा मानांची स्किला सहाच माणसे उचलणार. म्हणून सर्सी ओडिसियसला स्किलेच्या कड्याला लगटून जाण्यास सांगते. (ही जागा म्हणजे इटली व सिसिली यांमधील मेसिनाची सामुद्रधुनी, असे पुढे ग्रीकांनीच ठरविले. दोन समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जुळत नसल्याने तेथे आजही भोवरे उठतात.)

हिशेब बिनचूक आहे. पण ओडिसियस नावाड्यांना भोवऱ्यापासून दूर राहण्यास सांगतो आणि स्किलेचे नावही काढीत नाही. भयाने ते वल्ही टाकतील, अशी त्याला धास्ती. आम्ही कायद्याच्या व्यवसायातले. आमचे मन येथे अडखळते. ज्या सहांचा बळी ठरला, त्यांची संमती कोणी घेतली?

देवळात रामायण ऐकणाऱ्यांना सावली धरून प्राणी ओढणारी सिंहिका परिचित आहे. किष्किंधाकांडात सुग्रीव दक्षिणेकडे निघालेल्या साऱ्या वानरांना अशा छायाग्राहिणी राक्षसीची, तेथे तिचे नाव अंगारका आहे, उघड सूचना देतो. म्हणूनच आकाशात गती खुंटताच हनुमंत तिला ओळखतो, लहान होऊन तिच्या मुखात शिरतो आणि मर्मे फाडून बाहेर पडतो. मात्र आपण फार फुशारून जाऊ नये. हनुमंत एकटा होता, त्याच्यामागे वल्हेकरी नव्हते.

शिवाय होमर नायकाला पाठीशी घालीत नाही. सहाही जण वर उचलले जात असताना ओडिसियसला नावाने हाका मारीत होते. समुद्रप्रवासात पाहिलेले सर्वांत करुण दृश्य तेच, अशी कबुली तो स्वतः देतो. पण ती फिएशियनांच्या दरबारात, त्या जहाजावरचा एकही नावाडी ऐकावयास जिवंत उरला नसताना.