बाह्य बीजगणितातून स्पायनर प्रतिरूपणाची रचना : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

क्लिफर्ड बीजगणिताचे स्पायनर प्रतिरूपण बाह्य बीजगणिताच्या आधारे उभे करण्याची पद्धत अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत सुलभ आहे. परंतु ‘स्पायनर म्हणजे बाह्य बीजगणिताचा घटक’ असे समीकरण मांडून थांबल्यास विषयाचा गाभाच निसटतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी या रचनेतील तीन बाबी तपासल्या असून, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञांच्या १९७० व १९७२ मधील दोन शोधनिबंधांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : बाह्य बीजगणित, क्लिफर्ड बीजगणित, स्पायनर, डिरॅक कारक, विविक्त श्रेणी.

प्रस्तावना

पदव्युत्तर वर्गांत स्पायनर ही संकल्पना दोन दारांनी प्रवेश करते. भौतिकशास्त्राच्या वर्गात पाउली व डिरॅक यांचे मॅट्रिक्स फळ्यावर लिहून दिले जातात; ते कोठून आले हे सहसा सांगितले जात नाही. गणिताच्या वर्गात सदिश अवकाशाचे बाह्य बीजगणित शिकविले जाते. त्याचा इलेक्ट्रॉनशी काही संबंध आहे याचा उल्लेखही होत नाही. जालना जिल्ह्यातील महाविद्यालयात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाने ही दोन दारे जोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बाह्य बीजगणिताचाच मार्ग निवडला. ‘स्पायनर म्हणजे बाह्य बीजगणिताचे घटक’ असे सांगून पुढे जाण्याची सवयही जडली. एकदा भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, बाह्य बीजगणितात १ ही संख्याही आहे. अवकाश फिरविला तर संख्या बदलत नाही. मग पूर्ण एक फेरा मारल्यावर स्पायनर उणे होतो म्हणतात, तो १ उणे १ कसा होईल?” त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बाह्य बीजगणिताचा पाया हर्मान ग्रासमान यांनी १८४४ च्या ग्रंथात घातला. ग्रासमान हे श्टेटिन येथील शाळाशिक्षक होते. त्यांना विद्यापीठातील अध्यासन कधीही मिळाले नाही. आपल्याकडील संस्कृतच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे, कारण १८७० च्या दशकात प्रसिद्ध झालेला ऋग्वेदाचा कोश याच ग्रासमान यांचा. त्यांच्या गणिताकडे मात्र समकालीनांनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले. विल्यम क्लिफर्ड यांनी १८७८ मध्ये ग्रासमानच्या बीजगणितात एकच बदल केला : सदिशाचा स्वतःशी गुणाकार शून्य न मानता तो त्याच्या लांबीच्या वर्गाइतका मानला. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, क्लिफर्ड यांचे निधन झाले.

फिरवणी-गटाची द्विमूल्य प्रतिरूपणे एली कार्तां यांना १९१३ मध्ये आढळली. पाउली यांनी १९२७ मध्ये दोन घटकांचे व डिरॅक यांनी १९२८ मध्ये चार घटकांचे समीकरण मांडले आणि अमूर्त वाटणारी ही वस्तू निसर्गात सापडली. कार्तां यांनी १९३८ च्या ग्रंथात स्पायनरकडे भूमितीच्या अंगाने पाहिले, तर क्लोद शेव्हाले यांनी १९५४ च्या ग्रंथात बीजगणिताच्या अंगाने. बाह्य बीजगणिताची जी रचना आज रूढ आहे, तिचे व्यवस्थित रूप शेव्हाले यांच्या मांडणीत आढळते.

रचनेचे स्वरूप

२म मितींचा एक संमिश्र सदिश अवकाश व त्यावरील अनपभ्रष्ट वर्गरूप घेऊ. हा अवकाश प आणि फ अशा दोन म-मितीय उपअवकाशांत विभागता येतो, की ज्यांतील प्रत्येक सदिशाचा वर्ग शून्य असतो. वर्गरूपामुळे फ हा प चा द्वैती अवकाश ठरतो. आता प च्या बाह्य बीजगणितावर दोन प्रकारच्या क्रिया कराव्यात. प मधील सदिशाने वेज गुणाकार करावा; यामुळे घात एकाने वाढतो. फ मधील सदिशाने संकोच करावा. यामुळे घात एकाने घटतो. या दोन क्रियांची बेरीज दोनदा केली असता नेमका त्या सदिशाचा वर्ग मिळतो. क्लिफर्ड यांची अट एवढीच होती.

मितींचा हिशेबही तंतोतंत जुळतो. क्लिफर्ड बीजगणिताची मिती २ चा २म-वा घात असते. प च्या बाह्य बीजगणिताची मिती २ चा म-वा घात, म्हणून त्यावरील सर्व एकघाती रूपांतरांची मिती तिचा वर्ग, म्हणजे पुन्हा २ चा २म-वा घात. क्लिफर्ड बीजगणित साधे असल्याने दोन्ही एकरूप ठरतात आणि प्रतिरूपण अविभाज्य असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

सर्वांत लहान उदाहरण पाहू. म = १ असताना बाह्य बीजगणिताचे आधार-घटक दोनच : १ आणि क. वेज-क्रियेस ‘व’ व संकोच-क्रियेस ‘स’ म्हटल्यास ‘व’ ही १ ला क मध्ये नेते व क ला शून्य करते. ‘स’ ही क ला १ मध्ये आणते व १ ला शून्य करते. व + स ही क्रिया दोन्ही घटकांची अदलाबदल करते. हाच पाउली यांचा पहिला मॅट्रिक्स. व − स ला √−१ ने गुणल्यास दुसरा मिळतो. या दोहोंच्या गुणाकारातून, √−१ हा अवयव वगळता, तिसरा मिळतो : तो १ ला तसाच ठेवतो आणि क चे चिन्ह बदलतो. जे मॅट्रिक्स विद्यार्थी पाठ करतात, ते पाच ओळींत हाताने निघतात. या रचनेचे हे निर्विवाद श्रेय आहे. म = २ घेतल्यास घातांनुसार १, २ व १ असे मिळून चार घटक मिळतात; डिरॅक यांच्या चार घटकांचा उगम येथे दिसतो.

रचनेची चिकित्सा

पहिली बाब घाताची. बाह्य बीजगणितात प्रत्येक घटकाला घात असतो. विद्यार्थी साहजिकच समजतो की शून्य घाताचे, एक घाताचे, दोन घाताचे असे स्पायनरचे प्रकार असावेत. हे खरे नाही. फिरवणीचे जनक दोन सदिशांच्या गुणाकारांतून येतात. दोन वेज-क्रिया एकत्र आल्या की घात दोनाने वाढतो, दोन संकोच-क्रिया आल्या की दोनाने घटतो. म्हणून घात टिकत नाही. टिकते ती केवळ सम-विषमता. त्यामुळे स्पायनरांचे दोनच अर्ध पडतात, सम व विषम, आणि प्रत्येकाची मिती २ चा (म − १)-वा घात असते. घाताचे बाकी सर्व तपशील रचनेचे आहेत, स्पायनरचे नव्हेत.

दुसरी बाब अर्ध्याची; प्रारंभी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वरील लहान उदाहरणात अवकाश फिरविणारा जनक वस नसून (वस − सव) चा निम्मा आहे, कारण क्लिफर्ड बीजगणितात फिरवणीचा जनक दोन सदिशांच्या उलटसुलट गुणाकारांच्या फरकातून येतो. वस + सव = १ असल्याने हा जनक वस − १/२ इतका होतो. तो १ वर लावल्यास उणे अर्धा आणि क वर लावल्यास अधिक अर्धा मिळतो. म्हणजे १ हा घटक अचल नाहीच; अवकाश ज्या कोनातून फिरतो त्याच्या निम्म्या कोनातून तो उलट दिशेने फिरतो. पूर्ण फेऱ्यानंतर दोन्ही घटक उणे होतात. सर्वसाधारण म साठी हाच अर्धा भाग निर्धारकाच्या वर्गमुळाच्या रूपाने येतो : स्पायनर म्हणजे प चे बाह्य बीजगणित खरे, पण प च्या निर्धारकाच्या वर्गमुळाने भागलेले. ‘स्पायनर म्हणजे बाह्य बीजगणित’ या वाक्यातून नेमके हे वर्गमूळ गळते आणि द्विमूल्यता त्याच वर्गमुळात असते.

तिसरी बाब निवडीची. प हा उपअवकाश आपण निवडला. तो अवकाशाने आपल्याला दिलेला नव्हता. युक्लिडीय अवकाशात अशी निवड करणे म्हणजे संमिश्र संरचना निवडणे होय. चार मितींत या निवडी दोन गोलपृष्ठांइतक्या आहेत, आणि मिती वाढत जाते तशा त्या झपाट्याने वाढतात. प्रत्येक निवडीने वेगळे बाह्य बीजगणित मिळते. ही सर्व प्रतिरूपणे परस्परांशी समरूप असतात, परंतु ती समरूपता एका संमिश्र गुणकापर्यंतच निश्चित होते. कार्तां यांच्या भूमितीय दृष्टीचे महत्त्व येथे जाणवते. त्यांच्या मांडणीत प्रत्येक निवडीला एक विशिष्ट स्पायनर-रेषा जोडलेली असते. शेव्हाले यांनी अशा स्पायनरांना ‘शुद्ध’ म्हटले. आपल्या रचनेतील १ हा घटक फ मधील सर्व सदिशांनी शून्य होतो. तो फ चा शुद्ध स्पायनर होय. शेव्हाले यांची रचना हिशेबाला सोयीची आणि कार्तां यांची दृष्टी अर्थाला. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

एका बिंदूपाशी ही निवड निरुपद्रवी वाटते. संपूर्ण बहुविध-अवकाशावर मात्र ती नेहमी शक्य नसते. चारमितीय गोलपृष्ठावर स्पायनर आहेत, परंतु त्यावर सर्वत्र सलग अशी संमिश्र संरचना निवडताच येत नाही. उलट संमिश्र प्रक्षेपीय प्रतलावर संमिश्र संरचना आहे, म्हणून बाह्य बीजगणितही आहे; परंतु तेथील निर्धारक-बंडलाचा घात उणे तीन, म्हणजे विषम आहे. त्याचे वर्गमूळ निघत नाही आणि म्हणून तेथे स्पायनर नाहीत. एके ठिकाणी स्पायनर आहेत पण बाह्य बीजगणिताची सलग निवड नाही. दुसऱ्या ठिकाणी निवड आहे पण स्पायनर नाहीत. दोन्ही संकल्पना एकच नव्हेत, याला याहून स्पष्ट पुरावा नको.

मुंबईतील दोन शोधनिबंध

हा भेद केवळ काटेकोरपणाचा नाही, हे दाखविणारे ठळक उदाहरण मुंबईत घडले. केंब्रिज येथे डिरॅक यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेले हरीशचंद्र यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास अर्धसरल ली गटांच्या ‘विविक्त श्रेणी’ची प्रतिरूपणे वर्गीकृत केली. त्यांनी त्यांचे लक्षणफल निश्चित केले; परंतु ही प्रतिरूपणे ज्या अवकाशांवर प्रत्यक्ष घडतात ते अवकाश त्यातून हाती येत नव्हते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन यांनी कियोसातो ओकामोतो यांच्यासह १९७० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, गटाचा सममित अवकाश हर्मिशियन असतो त्या प्रकरणात, यातील बहुतांश प्रतिरूपणे वर्ग-समाकलनीय प्रसंवादी रूपांवर उभी केली. ही रूपे बाह्य बीजगणितातील आहेत. हर्मिशियन प्रकरणात संमिश्र संरचना गटाच्या क्रियेने अबाधित राहते, म्हणजे प ची निवड निसर्गतःच मिळालेली असते. म्हणून ही पद्धत तेथे चालते.

परंतु सर्वच गट असे नसतात. चार धन व एक ऋण चिन्हाच्या वर्गरूपाचा फिरवणी-गट घ्या. त्याचा सममित अवकाश म्हणजे चार मितींतील लोबाचेव्हस्कीची भूमिती. एका बिंदूभोवतीच्या सर्व चारमितीय फिरवण्यांखाली कोणतीही संमिश्र संरचना अबाधित राहत नाही. तरीही या गटाला विविक्त श्रेणी आहे. येथे प निवडण्याचा मार्ग बंद होतो. त्याच संस्थेतील आर. पार्थसारथी यांनी १९७२ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात बाह्य बीजगणिताच्या जागी स्पायनर घेतले आणि डिरॅक कारकाच्या वर्ग-समाकलनीय उत्तरांच्या अवकाशांवर विविक्त श्रेणीची बहुतांश प्रतिरूपणे उभी केली. संपूर्ण विविक्त श्रेणीसाठी डिरॅक कारकावर आधारित रचना पुढे १९७७ मध्ये अटिया व श्मिड यांनी दिली. हर्मिशियन प्रकरणात दोन्ही मार्ग, निर्धारकाच्या वर्गमुळाचा फरक सोडता, एकच ठरतात. बाहेर पडल्यावर केवळ स्पायनरचा मार्ग उरतो.

या वाटचालीतही बाह्य बीजगणित निरुपयोगी ठरत नाही, ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. स्पायनर प्रतिरूपणाचे भार काढताना धन मुळांची एक निवड करावीच लागते, आणि तो हिशेब बाह्य बीजगणिताचाच असतो. फरक इतकाच की ती निवड हिशेबापुरती असते. व्याख्येत तिला स्थान नसते.

निष्कर्ष

१. बाह्य बीजगणितातून स्पायनर उभे करण्याची पद्धत पदव्युत्तर वर्गात निश्चित स्वीकारावी; म = १ चे उदाहरण विद्यार्थ्यांकडून हाताने सोडवून घ्यावे. पाउली यांचे मॅट्रिक्स पाठ करण्याची त्यानंतर गरज राहत नाही.

२. त्याच तासिकेत उणे अर्ध्याचा हिशेब मांडावा. तो वगळल्यास द्विमूल्यता हा चमत्कार ठरतो आणि विद्यार्थ्याच्या रास्त शंकेला उत्तर उरत नाही.

३. प ही निवड आहे हे प्रारंभीच सांगावे, आणि निवड बदलली तरी काय टिकते हा प्रश्न विचारावा. १९७० ते १९७२ या काळातील मुंबईतील कार्य हे या प्रश्नाचे मोल दाखविणारे, आपल्याच राज्यातील उदाहरण आहे. ते अध्यापनात आणावे.

४. हा घटक गणित व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र शिकविणे हितावह ठरेल. वर उल्लेखिलेला प्रश्न गणिताचा होता; तो विचारला भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने. दोन्ही विभागांच्या वर्गखोल्यांमध्ये एका भिंतीचे अंतर असते. त्या प्रश्नाला ती भिंत ओलांडण्यास लागलेला वेळ मात्र फार होता.