संस्कृतींची टक्कर की दुभाष्याचा अभाव?

ॲन फॅडिमन यांचे 'द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन' हे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याला अमेरिकेतील नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तिथल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ते नव्या विद्यार्थ्यांच्या हाती दिले जाऊ लागले. परक्या देशात नुकत्याच आलेल्या माणसाला दवाखान्यात काय सोसावे लागते, याविषयीच्या लेखनात ते आजही पहिल्या रांगेत बसते. माझे भांडण आहे ते त्याच्या उपशीर्षकाशी. ही दोन संस्कृतींची टक्कर आहे, असे उपशीर्षक सांगते. पुस्तकातला पुरावा मात्र त्याहून साधे आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारे काही सांगतो.

गोष्ट थोडक्यात अशी. ली कुटुंब लाओसच्या डोंगराळ भागातले हमोंग. तिथल्या युद्धात अमेरिकेच्या सीआयएने हमोंगांना आपल्या बाजूने लढवले; १९७५ नंतर त्यांना जीव घेऊन पळावे लागले. थायलंडच्या छावण्यांतून ली कुटुंब १९८० मध्ये अमेरिकेत पोचले आणि पुढे कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी स्थिरावले. जुलै १९८२ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात लिया जन्मली. तीन महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. मोठ्या बहिणीने दार आपटले, त्या दणक्याने घाबरून बाळाचा आत्मा निघून गेला, असे आईवडिलांना वाटले. ते तिला उचलून रुग्णालयात धावले. हे धावणे लक्षात ठेवायला हवे. आधुनिक वैद्यकाला पाठ फिरवणाऱ्या माणसांची ही चाल नव्हे.

पोचेपर्यंत झटका थांबला होता. समोर दिसत होते खोकणारे, छाती भरलेले बाळ. झटक्याविषयी सांगायला आईवडिलांकडे इंग्रजी नव्हते आणि ऐकायला रुग्णालयाकडे हमोंग नव्हती. अधूनमधून भाषांतराला बोलावले जाई ते एका सफाई कामगाराला. तो लाओ भाषक, त्याची हमोंग अडखळती आणि इंग्रजी त्याहून अडखळती. छातीच्या संसर्गाचे निदान झाले, प्रतिजैविक दिले गेले आणि सूचनांचा इंग्रजी कागद सोबत गेला. आईवडिलांना कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. नंतरही एकदा हेच घडले. मार्च १९८३ मध्ये मुलगी झटका चालू असतानाच पोचली, शिवाय बरोबर थोडे इंग्रजी जाणणारा नातेवाईक होता, तेव्हा कुठे अपस्मार हा शब्द तिच्या कागदांवर उमटला. मधल्या चार-पाच महिन्यांत आत्म्यांचा आणि मज्जाशास्त्राचा वाद झालेलाच नव्हता. वाद व्हायला दोन्ही पक्षांना एकमेकांचे बोलणे तरी कळावे लागते.

पुढची शोकांतिका या पायावर उभी राहते. लिया साडेचार वर्षांची होईपर्यंत तिची औषधे तेवीस वेळा बदलली गेली. कधी पातळ औषध, कधी गोळी. ही दिवसातून दोनदा, ती तीनदा, जुनी बंद. घरी येणाऱ्या परिचारिकांनी सूर्य-चंद्राची चित्रे काढून वेळा समजावण्याचा प्रयत्न केला. सुशिक्षित मराठी घरातसुद्धा आजोबांच्या गोळ्यांच्या डबीवरून रोज खटके उडतात, मग इथे काय झाले असेल याची कल्पना करावी. रक्तात औषधाची मात्रा कमी सापडे आणि डॉक्टर 'पालक ऐकत नाहीत' अशी नोंद करत. शेवटी १९८५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मुलीला आईवडिलांपासून काढून जवळजवळ वर्षभर परक्या कुटुंबात ठेवले गेले.

पालक काही औषधे जाणूनबुजून टाळत, हेही खरे. फॅडिमन ते लपवत नाहीत. पण त्यांचे म्हणणे औषधच नको असे नव्हते. थोडे औषध आणि थोडा शामनचा विधी, दोन्ही चालू द्यावेत, असे ते होते. यात कुठे टक्कर आहे? हा प्रश्न मला मराठीमुळे पडतो. हमोंग भाषेत या आजाराला 'काऊ दा पे' म्हणतात. पुस्तकाचे नाव हे त्याचेच भाषांतर. आपल्याकडे वैद्य अपस्मार म्हणतो, घरात फेफरे म्हणतात, दवाखान्यात फिट येते. ताप 'येतो', फिट 'येते' आणि देवही 'अंगात येतो', क्रियापद तेच. सर्वांत बोलका शब्द देवी. आजाराचे नाव देवी, आणि तो आजार होऊ नये म्हणून सरकारी माणूस टोचे ती लसही देवीचीच. कडुनिंबाचा पाला आणि लस एकाच घरात नांदली, तीही एका शब्दाखाली. तिथेही लशीला विरोध झाला, सक्ती झाली, हे विसरता येत नाही. पण मारी, शीतला, अम्मा अशी नावे घेणाऱ्या भारतीय वाचकाला दोन स्पष्टीकरणे एकत्र बाळगणारी आई विचित्र वाटत नाही. 'टक्कर' हा शब्द तिला विनाकारण विचित्र करतो.

पुस्तकाच्या शेवटाकडे हार्वर्डचे मनोचिकित्सक व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे आठ प्रश्न येतात: तुम्ही या आजाराला काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, वगैरे. प्रश्न उत्तम आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना हे पुस्तक आवडते त्यामागे हेही एक कारण असावे. आठ प्रश्न पाठ करता येतात. ते कोणत्या भाषेत विचारायचे, हे मात्र त्यांच्याही आधी ठरावे लागते, आणि तो खर्चाचा प्रश्न आहे. जनेल टेलर या मानववंशशास्त्रज्ञ अभ्यासिकेने २००३ मध्ये या पुस्तकाच्या शोकांतिकेच्या घाटावर बोट ठेवले होते. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की अटळ टक्कर म्हटली की कोणाला जबाबदार धरावे लागत नाही. नसलेल्या दुभाष्याची जबाबदारी मात्र कोणावर तरी येते.

फॅडिमन यांच्या हाती याचा सर्वांत मोठा पुरावा होता. मे यिंग ही विशीतली हमोंग तरुणी बरोबर आली आणि ली दांपत्य तासन्‌तास बोलू लागले. ज्यांना डॉक्टर घुमे आणि हट्टी समजत होते, ती माणसे विनोदी, बारकाईने आठवणारी, लेकीवर जीव टाकणारी निघाली. लेखिका हे मोकळेपणाने सांगतात, मे यिंगचे ऋणही मानतात. पण यातून जो निष्कर्ष निघतो तो उपशीर्षकापर्यंत पोचू देत नाहीत. पुस्तकाला जी दुभाषी मिळाली, ती रुग्णालयाला मिळाली नव्हती.

नोव्हेंबर १९८६ मध्ये लियाला सर्वांत मोठा झटका आला आणि मेंदू कायमचा निकामी झाला. फ्रेस्नोच्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने पुढे फॅडिमन यांना सांगितले की मूळ कारण रक्तातला जंतुसंसर्ग असावा, आणि तिला चालू असलेल्या एका औषधाने त्याची वाट मोकळी केली असण्याची शक्यता आहे. आईवडिलांचा यात दोष नाही. डॉक्टरांना ती काही दिवसांची सोबती वाटत होती. आईवडिलांनी तिला घरी नेले. न्हाऊमाखू घातलेली, भरवलेली, पाठीवर बांधून फिरवलेली लिया ऑगस्ट २०१२ मध्ये, तीस वर्षांची होऊन वारली.

सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी, म्हणजे बहुतेक रुग्णालयांनीही, इंग्रजी न येणाऱ्यांपर्यंत आपली सेवा पोचवावी, असा कार्यकारी आदेश अमेरिकेत २००० साली निघाला. तो मार्च २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.