शब्द मोजणारे यंत्र काय मोजते?

‘१५० शब्दांत लिहा’ म्हटले की मुले आता संगणकावर शब्द मोजतात. पण यंत्र मोजते ते मोकळ्या जागांमधले तुकडे. ‘शाळेच्या समोर’ दोन शब्द, ‘शाळेसमोर’ एक, अर्थ तोच. ‘क्षि’ हे आपले एक अक्षर, संगणकाच्या साठवणीत मात्र चार चिन्हे. म्हणजे शब्द नुसते जोडूनही आकडा उतरतो, लेखन सुधारत नाही.

विनोबांनी १९३०-३१ साली वर्ध्यात ‘गीताई’ रचली, तिथेही मोजणी होतीच. अनुष्टुभ श्लोकात ३२ अक्षरे. भरतीच्या शब्दाला जागाच उरत नाही.

आकडा जरूर पाहावा. पण गुण देण्याआधी मुलांना विचारावे: कोणता शब्द काढला तर काहीच हरवत नाही? हे यंत्र सांगत नाही.